ट्रॅक्टरमागचं शेपूट

गवत कापायचं एक यंत्र येतं, ट्रॅक्टरच्या मागं अडकवून ओढायचं. वरून पत्र्याचं चपटं खोकं, खाली गरगर फिरणारी तीन पाती आणि पाठीवर त्याचं स्वतःचं इंजिन. ट्रॅक्टरनं फक्त ओढायचं, कापायचं काम ते आपलं आपण करतं. त्याचं खरं नाव पत्र्यावर इंग्रजीत होतं. आमच्याकडं आलं तेव्हाच ते गंजून निम्मं गेलं होतं आणि पूर्ण असतं तरी मला वाचता आलं नसतं. बायको त्याला शेपूट म्हणायची. शेपूट लावलं का, शेपटाला तेल दिलं का. मग मीपण तेच म्हणायला लागलो.

ते ठेवायचं का विकायचं यावरून मागच्या वर्षी घरात बरंच झालं. घरात म्हणजे मी एकटा आणि मुलगी, कधी फोनवर, कधी समोर. मी काम करू शकतो का नाही, आणि त्यावरून मी माझ्या घरात राहायचं का तिच्या, असा तो विषय होता. शेपूट मधे आलं.

मी चौथी शिकलो. पुढं कारखान्यात फिटर. कारखाना बंद पडला तेव्हा मिळालेल्या पैशातून जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. लोक म्हणाले, कर्वेनगरात राहून ट्रॅक्टर कशाला, गच्चीत नांगरणार का. बरोबरच होतं. पुण्यात नांगरायला जमीन उरली नाही, पण गवत सगळीकडं आहे. कॉलेजांची मैदानं आहेत, बिल्डरांनी घेऊन ठेवलेले प्लॉट आहेत. श्रावणापासून दिवाळीच्या पुढंपर्यंत गवत काही थांबत नाही. माणसं लावून विळ्यानं कापायचं तर माणसं मिळत नाहीत. म्हणून मग यंत्र शोधायला लागलो. नवं परवडणारं नव्हतं.

वाघोलीच्या पुढं श्रीमंत लोकांनी गोल्फचे चेंडू मारायची एक जागा केली होती, ती बंद पडली. तिथला माणूस सगळं विकत होता, खुर्च्यांपासून जाळ्यांपर्यंत. बायको बरोबर आली. ती येणारच होती, मला भाव करता येत नाही. शेपूट एका झाडाखाली पडलेलं, त्याच्यावर कोंबडी बसलेली. तो माणूस म्हणाला, एकदम चालू कंडिशन. बायको म्हणाली, मग करा की चालू. तो इंजिनाची दोरी ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय. शर्ट भिजला त्याचा. ही दगडावर बसून बघतेय. शेवटी म्हणाली, "अहो दादा, जरा पाणी प्या. त्याला काही घाई नाहीये, तुम्हीच कशाला दमताय." तिथंच भाव पडला.

मला दिसलं होतं की पेट्रोलचा नळच बंद आहे. मी बोललो नाही. ती मला गप्प बसायला सांगूनच घेऊन आली होती.

ट्रॅक्टरला बांधून ते वाघोलीपासून घरापर्यंत आणलं, सगळं शहर ओलांडून. ती मडगार्डवर बसलेली. एका चौकात पोलिसानं अडवलं, हे काय आहे म्हणून. ही म्हणाली, गवत कापायचं आहे, तुमच्याकडं आहे का कुठं? तो हसला आणि जा म्हणाला.

आता सीटचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथनंच आलं.

शेपटाचा पाती वर उचलायचा दांडा त्याच्या पाठीवर, अगदी मागच्या कडेला होता. ज्यांनी बनवलं त्यांच्याकडं मैदानं सपाट असतील. आमच्याकडं मधेच ड्रेनेजचं झाकण, मधेच नळाचं तोंड, मधेच कुणीतरी रोवून विसरलेला खुंट. दर वेळी पाती उचलायची. वळतानाही उचलायची, नाहीतर वळणावर जमीन खरवडते. म्हणजे मी ट्रॅक्टर थांबवायचा, उतरायचं, मागं जायचं, दांडा ओढायचा, परत चढायचं. पहिल्या वर्षी ही मागनं चालत यायची आणि दांडा ओढायची. तिचे गुडघे बोलायला लागले. एक दिवस म्हणाली, मला यावर बसायला करा, मी बसून उचलते.

माझा एक वेल्डर आहे, भवानी पेठेत. कारखाना होता तेव्हापासून ओळख. मी त्याला भाई म्हणतो, तो मला मिस्तरी. त्यानं शेपटाच्या मागं लोखंडी पट्ट्या जोडून त्यावर जुन्या स्कूटरची सीट बसवली. बायको बसून बघायची आणि उतरायची. पाठ नाही याला. त्यानं पाठ लावली. फार उभी आहे. त्यानं तिरकी केली. आता फार पडली, मी काय झोपायला बसणार आहे का. भाई मला हळूच म्हणाला, मिस्तरी, विमानाच्या सीटला एवढा त्रास नसेल. तिनं ऐकलं. म्हणाली, विमानात बसणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापायच्या नसतात. चौथ्यांदा लावलेली पाठ तिला पटली.

काम असं चालायचं. मी पुढं ट्रॅक्टरवर, ती मागं शेपटावर, तोंड माझ्या पाठीकडं. दोन्ही इंजिनांचा आवाज एवढा की ओरडून काही उपयोग नाही. म्हणून तिनं सुतळीनं एक पाना पत्र्याला बांधून ठेवला होता. पान्याचा एक ठोका म्हणजे थांबा. दोन ठोके म्हणजे चला. ओळ संपली की मी थांबायचो, ती पाती उचलायची, दोन ठोके द्यायची, मी वळायचो. नव्या ओळीला लागलो की ती पाती खाली सोडायची. मी मागं कधी बघितलंच नाही. गरज नव्हती. पत्र्यावरचा ठोका सीटमधून पाठीला कळायचा.

साडीवर माझा जुना शर्ट, कानावरून टॉवेल गच्च बांधलेला. कॉलेजची पोरं हसायची, मोबाईलवर फोटो काढायची. ती मोठा पुढारी आल्यासारखी त्यांना हात जोडायची. पोरं ओशाळायची आणि काही दिवसांनी मावशी, मावशी करायला लागली. अशी बरीच वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. पोटात होतं, कळलं तेव्हा पसरलेलं होतं. दवाखान्यातलं मी लिहीत नाही. ते लिहून कुणाला काय मिळणार.

पाऊस झाला, गवत वाढलं. गवताला काय माहीत. कर्वेनगरमधल्या एका कॉलेजचं मैदान आम्हीच कापायचो, ट्रॅक्टर आणि शेपूटही तिथंच, पत्र्याच्या शेडमधे असायचं. तिथल्या खेळाच्या सरांचा फोन आला. बिचकतच म्हणाले, काका, जमणार असेल तर बघा, नाहीतर दुसरं कुणी बघतो. मी म्हटलं, येतो.

गेलो. शेपटाचा दांडा एका उंचीला दोरीनं बांधून टाकला, म्हटलं आज नुसतं मधलं मोकळं कापू, झाकणांकडं जायचंच नाही. ट्रॅक्टर चालू केला, मागं जाऊन शेपूट चालू केलं, येऊन बसलो, निघालो. एक ओळ सरळ गेली. ओळ संपली, मी थांबलो.

आणि थांबूनच राहिलो. मला वाटलं नाही की मी काही चूक करतोय. मी दोन ठोक्यांची वाट बघत होतो. डोक्यात दुसरं काही नव्हतं, ती आठवत होती असंही नाही. पाठ वाट बघत होती. दोन्ही इंजिनं चालू, पाती फिरतायत, खालचं गवत कापून कापून माती उडायला लागली. किती वेळ ते मला माहीत नाही. वॉचमन येऊन माझ्या गुडघ्याला हात लावून हलवायला लागला तेव्हा मी त्याला म्हटलं, थांब, अजून सांगितलं नाही.

त्यानं सरांना सांगितलं. सरांनी मुलीला फोन केला. तिचा नंबर हिनंच कधीतरी त्यांना देऊन ठेवलेला.

मुलगी वाघोलीला राहते. जावई कॉम्प्युटरवाला आहे, माणूस बरा आहे, बोलतो कमी. त्या भागात आता इमारतीच इमारती झाल्यात. आईसारखीच आहे मुलगी, फिरवून बोलत नाही. संध्याकाळी आली ती चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली. ते यंत्र आहे, पाती आहेत त्याला, उतरून तसेच मागं गेला असता तर पाय गेला असता. मी म्हटलं, उतरलो नाही ना. ती म्हणाली, वॉचमन उतरवायला आला म्हणून. मग म्हणाली, चला माझ्याकडं, खोली रिकामी आहे. मी म्हटलं, तिथं काय करू, लिफ्टनं खालीवर करू? हे बरंच चाललं. मी जेवलो नव्हतो, तिनं पिठलं केलं, आम्ही जेवलो आणि पुन्हा भांडलो.

शेवटी तीच दमली. म्हणाली, "आप्पा, एक पूर्ण मैदान एकट्यानं कापून दाखवा. माझ्यासमोर. नीट झालं तर मी पुन्हा चला म्हणणार नाही. नाही झालं तर शेपूट विकायचं आणि वाघोलीला यायचं. मुकाट्यानं."

मी बरं म्हटलं.

जावयानं तेवढ्यात शेपटाचा फोटो काढून मोबाईलवर विकायला टाकला. नुसतं बघायला, काय भाव येतो ते, असं म्हणाला. मला आवडलं नाही, पण जावयाला कोण बोलणार. लगेच एक जण आला. खडकवासल्याच्या बाजूला त्याची जागा आहे, नोकरीतून निवृत्त, आता आंब्याची झाडं लावतो आणि झाडांमधलं गवत त्याला आवरत नाही. माझ्यापेक्षा बराच लहान, अंगानं काटक. शेपटाभोवती फिरला, वाकून खालून बघितलं, बेअरिंग हलवून बघितली. माणसाला कळत होतं. मग सीटपाशी आला.

"हे काय? इथं कोण बसतं?"

"बायको."

"आहेत का त्या? त्यांच्याकडून जरा समजून घेतलं असतं कसं चालवतात ते."

"गेली. उन्हाळ्यात."

तो सीटपासून मागं सरला. म्हणाला, यंत्र चांगलं आहे, पण मला एकट्याला चालवता येईल असं पाहिजे, आमच्या घरातल्यांना यावर बसा म्हटलं तर मलाच घराबाहेर बसावं लागेल. मी म्हटलं, मला अजून विकायचंच नाही. तो चिडला नाही. म्हणाला, ठरलं तर कळवा, मी थांबतो. आणि नंबर देऊन गेला.

पण त्याचं म्हणणं माझ्या डोक्यात राहिलं. एकट्याला चालवता येईल असं. मला तरी दुसरं काय पाहिजे होतं? दांडा माझ्या हाताशी आला की झालं. आणि दांडा पुढं आणायचा तर मागच्या पट्ट्या काढाव्या लागणार, त्यांच्या जागेवरूनच नवी वायर जाणार. म्हणजे सीट जाणार.

जुन्या बाजारात गेलो, रविवारी. मोटारीचा हँडब्रेक घेतला, खाच्यात अडकून राहणारा, म्हणजे पाती पाहिजे त्या उंचीला थांबतील. रिक्षाची क्लचवायर घेतली, जाड. एक दणकट स्प्रिंग घेतली, कारण खोकं जड आहे, नुसत्या हातानं उचललं तर खांदा निघेल. विकणारा म्हणाला, काका, काय बनवताय? मी म्हटलं, बनवत नाही, कमी करतोय.

शेपूट ट्रॅक्टरला लावून भाईकडं नेलं. त्यानं आधी चहा मागवला. हिच्या वेळी तो मातीला आला होता, त्यामुळं ते बोलणं झालेलं होतं. मी काय करायचं ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं, वायर कुठनं न्यायची ते खडूनं पत्र्यावर काढून दाखवलं, स्प्रिंग ताणून बघितली. मग गॅस कटर पेटवला आणि माझ्या हातात दिला.

"सीट तुम्ही कापा, मिस्तरी. मी लावलीय. चार वेळा लावलीय. माझ्यानं नाही होणार."

मी कापली. चष्मा लावून, व्यवस्थित, पट्टीला पट्टी. खाली पडली तेव्हा आवाज झाला आणि भाई उगाचच दुकानाच्या बाहेर जाऊन रस्ता बघत उभा राहिला.

तिचं काय करायचं विचारलं त्यानं. मी म्हटलं, भंगारात घाल. त्यानं घातली नाही. खाली चार पाय लावून दुकानासमोर ठेवली, गिऱ्हाइकं बसतात तिच्यावर. पुढं एकदा गेलो तर एक जाडा माणूस बसून वडापाव खात होता. भाई मला बघून अवघडला. मी म्हटलं, बसू दे रे, बसायलाच केली होती.

हँडब्रेक ट्रॅक्टरवर माझ्या उजव्या हाताला बसला. ओढला की मागं पाती वर, सोडला की खाली. भाईनं आणि मी गल्लीतच करून बघितलं. लोण्यासारखं चाललं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बऱ्याच दिवसांनी काहीतरी मी म्हणेन तसं झालं होतं.

मुलीला बोलवायच्या आधी एकदा आपलं आपण करून बघावं म्हणून सकाळी सकाळी मैदानावर गेलो. दुसऱ्या दिवशी सामना होता, सीमेची जाड दोरी मैदानभर गोल टाकलेली होती. म्हटलं, दोरीच्या बाहेरचं गवत आधी काढू. ओळीच्या शेवटी थांबलो, हँडब्रेक ओढला, वळलो, सोडला. उत्तम. मग दोरीला धरून गोल निघालो. माझं पुढचं चाक दोरीपासून चांगलं लांब होतं, मी बघतच होतो. आणि मागनं एकदम फटफट आवाज, पट्टा जळल्याचा वास, आणि ट्रॅक्टर अडला.

ट्रॅक्टर वळताना बाहेरनं जातो, पण शेपूट आतनं कापत येतं. ओढायच्या कुठल्याही वस्तूचं असंच असतं, हे मला आयुष्यभर माहीत आहे. पण ते बघायचं काम माझं नव्हतं. मी पुढचं बघायचो, ती मागचं. दांडा माझ्या हाताशी आणला. डोळे कसे आणणार? माझी मान वळत नाही, मणक्याला पट्टा आहे, मागं बघायचं तर मला अख्खं अंग फिरवावं लागतं आणि तेवढ्यात पुढचं जातं.

इंजिन बंद केलं, शेपटाखाली आडवा झालो आणि पात्यांच्या दांड्याभोवती गच्च बसलेली दोरी सुरीनं कापून कापून काढली. ओल्या गवतात पाठ गार झाली. उठता येईना. थोडा वेळ तसाच पडून राहिलो, पत्र्याच्या खालच्या बाजूकडं बघत. काय बघायचं होतं तिथं, वाळलेलं गवत चिकटलेलं. वाटलं, जाऊ दे, फोन करावा त्या खडकवासलेकराला, न्या म्हणावं, आणि मी जातो वाघोलीला. मग कुशीवर वळून, हातावर जोर देऊन उठलो.

सरांना जाऊन सांगितलं, तुमची दोरी मी खाल्ली. ते म्हणाले, काका, असू दे, तशीही जुनी झाली होती. आणि मुलीला फोन करणार नाही असं त्यांनी आपणहून सांगितलं.

भाईला हे सांगितलं तर तो म्हणाला, एवढंच ना? आणि गल्लीत उभ्या असलेल्या रिक्षाकडं बोट केलं. आरसे. पुण्यात एवढे रिक्षावाले मागं न बघता रिक्षा चालवतात, त्यांच्याकडं असतात, तुमच्याकडं का नकोत. ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डांवर त्यानं लांब दांडीचे आरसे बसवले, खाली झुकवून, शेपूट पूर्ण दिसेल असे.

मग मुलीला बोलावलं. रजा टाकून आली. पायऱ्यांवर छत्री उघडून बसली, जवळ पाण्याची बाटली, डबा. मी ट्रॅक्टर चालू केला, शेपूट चालू केलं, बसलो.

पूर्ण मैदान कापलं. सगळं, कोपऱ्यासकट. झाकणं आली तिथं उचललं, नळ आला तिथं उचललं. वळताना आरशात बघून शेपूट कुठनं येतंय त्याप्रमाणं ट्रॅक्टर बाहेर काढला. बगळे मागं मागं येत होते किडे टिपायला. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की बगळे एवढ्या जवळ येतात, पार पत्र्यापर्यंत. ती कधी बोलली नव्हती. तिला ते रोजचंच असेल.

काही अडलं नाही. ओळीच्या शेवटी मी थांबत होतो, दांडा ओढत होतो, वळत होतो. ठोक्याची वाट बघत नव्हतो. निम्मं मैदान झाल्यावर माझ्या हे लक्षात आलं, की आपण वाट बघत नाही. त्याच्यानंतरचं निम्मं मैदान फार लांब झालं. दर ओळीला आरशात बघायचं. बघावंच लागतं. आरशात पत्रा, इंजिन, कापलेल्या पट्ट्यांची टोकं आणि त्यांच्या मागं गवत. पुन्हा वळायचं, पुन्हा बघायचं. आधी मी मागं बघत नव्हतो तेव्हा तिथं कोण आहे ते मला माहीत होतं. आता दर वळणाला बघून खात्री करायची की कोणी नाही.

संपलं तेव्हा इंजिनं बंद केली. कानात घुमत होतं. मुलगी पायऱ्या उतरून आली. डोळे लाल होते, पण बोलली सरळ.

"जमलं की, आप्पा."

"जमलं."

डबा उघडला. मेथीची भाजी, भाकरी. आम्ही शेडच्या सावलीत बसून खाल्लं. ती म्हणाली, आरशांची कल्पना चांगली आहे, आता मी काही बोलणार नाही, करा तुम्ही काम. मी भाकरी संपवली, हात धुतले. आणि म्हटलं, त्या खडकवासल्याच्या माणसाचा नंबर तुझ्या नवऱ्याकडं आहे, त्याला सांग घेऊन जा म्हणावं.

तिला कळेना. म्हणाली, चांगलं चाललंय की आता. मग कशाला?

मी म्हटलं, "मागं कोणी नाही हे मला एकदा कळलंय. दर ओळीला कशाला बघू?"

ती बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसली. झाकण कधीच बसलेलं होतं. मग म्हणाली, "म्हणजे येणार तुम्ही वाघोलीला."

"नाही. काय ठरलं होतं? मैदान झालं की तू चला म्हणणार नाहीस. झालं मैदान."

ती हसली. नाक पुसत हसली. म्हणाली, आईला एवढं सरळ फसवता आलं नसतं तुम्हाला. ते खरं आहे.

खडकवासल्याचा माणूस टेम्पो घेऊन आला. सीट नाही बघून काही विचारलं नाही, त्याबद्दल मला तो बरा वाटला. भाव केला, थोडाच. मी पेट्रोलचा नळ उघडून, त्याच्यासमोर दोरी ओढून शेपूट चालू करून दिलं. हँडब्रेक, वायर, स्प्रिंग सगळं दाखवलं. हँडब्रेक आणि आरसे माझ्या ट्रॅक्टरवरचे काढून त्याला दिले, त्याच्या ट्रॅक्टरला लावायला. शेपूट वळताना आतनं येतं, झाडांच्या खोडाला सांभाळा, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, माझी मान चांगली वळते काका, मी मागं बघत जाईन. मी म्हटलं, बघा. दोन आंब्यांच्या मधे बघायला वेळ मिळाला तर बघा.

नंतर ट्रॅक्टरही दिला एका पाणीवाल्याला. शेड सरांना मोकळी करून दिली.

आता मी कर्वेनगरलाच आहे. सकाळी उठतो, दूध आणतो, एक वेळचा स्वयंपाक करतो तो दोन वेळा खातो. कॉलेजच्या मैदानावर गवत आता दुसरा कोणी कापतो, त्याच्याकडं नवं यंत्र आहे, बसून चालवायचं, पाती पोटाखालीच. मी रस्त्यावरून जाताना बघतो आणि पुढं जातो. दुपार मोठी असते. ती कशी घालवायची ते अजून जमलेलं नाही, आणि ते शिकायचं वय नाही.

मुलीचा फोन रोज संध्याकाळी येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, गॅस बंद केला का. मी हो म्हणतो. मला माहीत असतं तिला काय विचारायचंय, आणि ती विचारत नाही, कारण शब्द दिलाय. आईसारखीच शब्दाला पक्की. एखाद्या दिवशी तिनं विसरून विचारलंच, चला म्हणून, तर मी काय सांगेन ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही. मी फोन कानाला धरून थोडा थांबतो. मग ती ठेवू का म्हणते, आणि मी ठेव म्हणतो.